दोन भांड्यांमधली सिंधूकाकू

सिंधूकाकू जेवायच्या त्या बाल्कनीच्या दाराला पाठ लावून, फरशीवर बसून. दारापलीकडे टायगर हा धिप्पाड कुत्रा आपलं भांडं चाटत असायचा आणि स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठकी मांजर मासा खात असायची. टायगरच्या धडकांनी दाराची कडी खिळखिळी झाली होती. मी पहिल्यांदा गेले तेव्हा त्या बसल्या जागेवरूनच म्हणाल्या, "ये गं पोरी, पण मला उठाय लावू नको. मी उठले की त्ये आत आलंच म्हणून समज."

बारामतीतल्या आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आमची दारं समोरासमोर होती. काका गेल्यावर मुलाने, विकासने, त्यांना गावाहून, सणसरहून, इथे आणलं. त्या येताना ठकीला पिशवीत घालून घेऊन आल्या. वर्षभरातच विकास नोकरीसाठी परदेशी गेला आणि त्याचा लाडका टायगर आईच्या गळ्यात पडला.

काकूंची थोरली बहीण अक्का भिगवणला राहायची. ती ठकीसाठी चिलापी मासे पाठवायची. काकू मासा उकडून एकेक काटा काढायच्या. सुरुवातीला त्यांनी दोन्ही भांडी एकाच खोलीत ठेवली. टायगरने आपला भात दोन घासांत संपवला आणि मोर्चा माशाकडे वळवला. ठकीने त्याचं नाक ओरबाडलं. तो तिच्यावर झेपावला, काकूंनी मधे हात घातला आणि दात त्यांच्याच मनगटात रुतले. इंजेक्शनं घ्यावी लागली.

जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं ते काकूंनी शब्दशः धरलं. कुत्रा दाराआड, मांजर उंचावर. दोघांची वेळ एकच, म्हणजे कुणी कुणाच्या तोंडाकडे बघायला नको. खाणं झालं की उष्टी भांडी लगेच उचलायची. कुत्र्याच्या भातात कांदा-लसूण नाही. "एका घरात ऱ्हावं, पण एका पंगतीला बसू न्हाय," काकू म्हणायच्या. "माणसांचंबी तसंच हाय बघ."

पुन्हा कधी भांडण झालं नाही. पण काकू त्या दाराला चिकटल्या त्या चिकटल्याच. भाचीचं लग्न चुकलं, गावची जत्रा चुकली. त्यातच विकासने टायगर दिसावा म्हणून हॉलमध्ये तिकडून बोलताही येईल असा कॅमेरा बसवून घेतला. आम्ही बोलत बसलो की मधेच भिंतीवरून आवाज यायचा, "आई, त्याचं पाणी संपलंय." काकू दचकून उठायच्या. पुढे पुढे त्या माझ्याशी स्वयंपाकघरातच बोलायला लागल्या, तेही हळू आवाजात. एकदा खिडकीतून खाली बघत म्हणाल्या, "त्याला दाराआड कोंडते, तिला वर बसवते. मला कुणी कोंडलंय, कुणाला इचारू?"

अक्का अंथरुणाला खिळल्याचं कळलं तेव्हा मी म्हटलं, "काकू, तुम्ही जा. दोघांना मी जेवू घालते." त्यांनी मला आदल्या दिवशी सगळं दोनदा करून दाखवलं. सकाळी एसटीने त्या भिगवणला गेल्या. दुपारी मी टायगरला बाल्कनीत घेतलं, ठकीला ओट्यावर ठेवलं आणि दाराला पाठ लावून बसले. दोघं निमूट जेवली. तेवढ्यात भिंतीवरून आवाज आला, "तुम्ही कोण? आई कुठाय?"

मी सांगितलं. पण त्याने लगेच आईला फोन लावला, "परक्या बाईवर टायगरला टाकून गेलीस?" काकूंनी नंतर सांगितलं, तेव्हा अक्का त्यांना म्हणत होती, "तुजी जनावरं जेवली असतील गं. तू जेवलीस का? ऱ्हा आजच्या दिस." काकू राहिल्या नाहीत. संध्याकाळी परत आल्या आणि चप्पल काढायच्या आधी टायगरचं पाणी बघितलं. चार-पाच दिवसांनी अक्का गेल्याचा फोन आला.

काकू रडल्या नाहीत. तेराव्याहून आल्यावर त्यांनी मला हाक मारली आणि कॅमेऱ्यासमोर खुर्ची घेऊन बसल्या.

"विकास, ऐकतुयास का? मी सणसरला चालले. टायगर माझ्यासंगं, ठकीबी माझ्यासंगं."

"आई, तिथे एकटी? तुला काही झालं तर?"

"आन् हितं काय व्हायचं ऱ्हायलंय?"

तो म्हणाला, "मला तिथला टायगर दिसणार नाही." काकू म्हणाल्या, "मग बघाय ये की बाबा." दुसऱ्या दिवशी टेम्पोत पुढे ड्रायव्हरशेजारी ठकीची टोपली मांडीवर घेऊन काकू बसल्या, मागे साखळीला टायगर. विकास पुढे कित्येक महिने आईशी बोलला नाही. ते मात्र त्यांना लागलं. फोनवर माझ्याशी बोलताना, "त्याचा काय निरोप?" असं त्या हटकून विचारायच्या.

दिवाळीनंतर मी न कळवताच सणसरला गेले. अंगणात टायगर सावलीला झोपला होता, ठकी पत्र्यावर ऊन खात होती. दोघांची भांडी धुऊन पालथी घातलेली. दाराला बाहेरून कडी होती. मी हाका मारल्या तेव्हा शेजारची बाई कुंपणापलीकडून म्हणाली, "सिंधूताई व्हय? त्या कुठल्या घरात घावत्यात! सकाळी दोघांना येगळं येगळं घालत्यात आन् निघत्यात. आज कुणाच्या तरी बारशाला गेल्यात."

मी पायरीवर बसले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मला सिंधूकाकूंची वाट बघावी लागत होती.