विमानातली झोळी

अमेरिकेच्या विमानात तान्हा नातू रडून रडून लालबुंद झाला होता, मोठी आरोही सीटवर उड्या मारत होती आणि त्यांचा बाप हरीश कानाला हेडफोन लावून खुशाल सिनेमा पाहत होता. कुरुंद्याच्या द्वारकाबाईचं डोकं सणकलं. तिनं पिशवीतलं जुनं लुगडं काढलं, वाटेच्या अल्याड-पल्याडच्या खुर्च्यांना झोळी बांधली, नातवाला आत निजवलं आणि झोक्याची दोरी आरोहीच्या हातात दिली. दोन्ही लेकरं गप्प झाली.

तेवढ्यात जेवणाची गाडी झोळीपाशी अडली. हरीश खेकसला, "आई, सोड ते! लोक पाहून राहिले."

"पाहू दे की!" म्हातारी कडाडली. "हळदीच्या रानात तुला असंच झोळीत निजवायची, तवा बी लोक पाहतच होते. तवा मला तुझी लाज वाटली न्हाई. आज वाटून राहिली."