वीस वेळा पाणी

लताचा फोन आला तेव्हा मी पुण्यातल्या ऑफिसात एका सहकाऱ्यावर चिडलो होतो. एका हाताने फोन कानाला, दुसऱ्या हाताने त्याला ‘थांब’ अशी खूण. “सर, बाबा गेले,” ती म्हणाली आणि मी चक्क विचारलं, “कोण बाबा?” सहा वर्षांत माणूस इतका निर्लज्ज होऊ शकतो. मग देवळीचं शिवणकामाचं दुकान आठवलं, वामनराव आठवले. याला आता दीड महिना झाला. तेव्हापासून एका जागी बसवत नाही. लिहायला घेतो, उठतो, खिडकीशी जातो, पुन्हा येऊन बसतो. कोणी म्हणेल, एवढं जवळचं माणूस होतं का? नव्हतं. तसं ते ठेवलं नाही, हीच तर टोचणी आहे.

वामनराव जन्मापासून बहिरे. लहानपणी नागपूरच्या मूकबधिर शाळेत काही वर्षं काढली, वसतिगृहातल्या पोरांकडून खुणांची भाषा शिकले आणि देवळीला परतून शिंपी झाले. गाव त्यांना ‘मुका टेलर’ म्हणे. मी तेव्हा वर्ध्याला इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवत होतो आणि स्वतःच्या पदव्युत्तर प्रकल्पापायी झपाटलो होतो. व्हिडिओतले हातवारे पाहून संगणकाने त्या खुणेचा शब्द पडद्यावर लिहायचा, असा तो प्रकल्प. त्यासाठी खुणा करणारं माणूस हवं होतं. कॉलेजातल्या एका शिपायाने वामनरावांचं नाव सुचवलं. दर रविवारी ते सकाळच्या एसटीने वर्ध्याजवळच्या बोरगाव मेघेतल्या माझ्या खोलीवर यायचे, सोबत त्यांची मुलगी लता. बायको वारल्यापासून त्यांचं गिऱ्हाइकांशी, बँकेत, दवाखान्यात जे काही बोलणं, ते लताच्या तोंडून.

पहिल्याच रविवारी त्यांनी माझ्या संगणकाकडे बोट दाखवून भराभर काहीतरी विचारलं. लता जरा अडखळली. तिचं लग्न ठरलं होतं, सेलूला. “बाबा विचारून राह्यले, पोरगी जायच्या आंधी हे मशीन तयार होते का? पोरगी गेल्यावर त्यायचं बोलनं कोन समजंल?” ती ‘मी’ म्हणाली नाही, ‘पोरगी’ म्हणाली, जणू शेजारच्या घरातली. मी घाईत होतो, संध्याकाळ होत आली होती, चित्रीकरणाला लागणारा प्रकाश जात होता. “होईल की,” म्हणालो. वामनरावांनी माझ्या ओठांकडे पाहिलं, मग लताच्या हातांकडे, आणि एवढे खूश झाले की मला कॅमेरा लावायचं निमित्त करून पाठ फिरवावी लागली. होणार नव्हतं, मला ठाऊक होतं.

तो ऐन मे. भिंतीवर काळी चादर टांगलेली. कूलर लावला की चादर हले आणि संगणक त्या हलण्यालाच हात समजे. म्हणून कूलर बंद, आणि आम्ही तिघंही घामाने निथळलेले. चेहऱ्याची तर वेगळीच भानगड होती. माझा प्रोग्रॅम कातडीच्या रंगावरून हात ओळखायचा, त्यामुळे चेहरा दिसला की त्याला तो तिसरा हात वाटायचा. मग मी कॅमेरा खाली घेतला, गळ्यापासून कमरेपर्यंत. वामनराव पुढच्या रविवारी स्वतः शिवलेला काळा, पूर्ण बाह्यांचा, बंद गळ्याचा शर्ट घालून आले. बटणंसुद्धा आतल्या बाजूला, चमकू नयेत म्हणून. हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. माझ्या सगळ्या प्रकल्पात मन लावून केलेलं काम म्हणजे तो शर्ट!

अडलं ते ‘पाणी’ या शब्दापाशी. संगणकाला शिकवायचं तर एकच खूण वीस वेळा हवी, तंतोतंत तशीच. वामनरावांनी पहिल्यांदा अंगठा तोंडाशी नेला. झकास. “पुन्हा,” मी म्हणालो. दुसऱ्यांदा त्यांनी दोन्ही हातांनी दोर ओढून विहिरीतून बादली काढली. “नाही, नाही, पुन्हा.” तिसऱ्यांदा ओंजळ केली. चौथ्यांदा उठले, माझ्या माठातून गार पाणी काढलं आणि पेला माझ्यापुढे ठेवला. लता हसू दाबत म्हणाली, “बाबा म्हनते, सांगितलं न एकडाव. समजलं नाई म्हनूनच पुन्हा इचारता न तुमी? मंग दुसऱ्या रीतीनं सांगतो.” जन्मभर त्यांचा हाच तर अनुभव! समोरचा ‘पुन्हा’ म्हणाला की त्याला कळलेलं नाही, आणि कळलेलं नाही तर तेच तेच सांगण्यात काय हशील? मी ते पाणी प्यायलो नाही. भडकलो. “त्यांना म्हणावं डोकं चालवू नका, सांगतो तेवढंच करा!” लताने हे हातांनी सांगायला फार वेळ घेतला. मग वामनराव बसले आणि भिंतीकडे पाहत वीस वेळा अंगठा तोंडाशी नेला. मी मनातल्या मनात मोजले आणि खूश झालो.

परीक्षेच्या दिवशी नेमलेले शब्द संगणकाने ओळखले. टाळ्या पडल्या. त्या भरात वामनराव परीक्षकांना स्वतःहून काही सांगू लागले, बरंच लांबलचक. पडद्यावर उमटलं, ‘भाकर भाकर दवाखाना’. सगळे हसले. सगळे हसताहेत म्हणून वामनरावही हसले. लता तेवढी हसली नाही. ते काय सांगत होते हे मी तिला विचारलंही नाही. पदवी मिळाली, पुण्याची नोकरी मिळाली, लताच्या लग्नाची पत्रिका टपालाने आली, मी गेलो नाही. काय तोंड घेऊन जाणार होतो? पुढची वर्षं ते त्या दुकानात कोणाशी काय बोलले असतील, देव जाणे.

मागच्या पंधरवड्यात लताचा पुन्हा फोन आला. “लोकायच्या घरी गेलेल्या मानसाचा आवाज राह्यते कॅसेटमंधी. बाबाचं बोलनं तेवढं तुमच्यापाशीच हाय, सर. घेऊन येजा.” सगळी कपाटं उपसली. एक सीडी सापडली. देवळीला गेलो तेव्हा लता दुकान रिकामं करायला सेलूहून आली होती. कापडं बेतायच्या टेबलावर लॅपटॉप ठेवला. ती पदर सावरून समोर बसली, देवदर्शनाला बसावं तशी.

काळा शर्ट, दोन हात. अंगठा तोंडाकडे गेला, चौकटीच्या वरच्या कडेला नाहीसा झाला, खाली आला. पुन्हा गेला, पुन्हा आला. लता वाट पाहत होती. सहा-सात झाल्यावर तिने विचारलं, “तो विहिरीवाला कुठी हाय? ओंजळवाला?” 

“पुसला,” मी म्हणालो. डिस्कवर जागा नसायची, कॅसेटी त्याच त्याच वापरायचो, एकसारखं आलं तेवढं ठेवायचो... हे सगळं मी तिला समजावून सांगत सुटलो. एकदा सांगितलं, मग दुसऱ्या तऱ्हेने, मग तिसऱ्या. ती ऐकत नव्हती. पडद्यावर हात जात होता, येत होता, वीस झाले आणि थांबला.

“चेहरा?”

“घेतला नव्हता.”

तिने दोन्ही हात टेबलावर ठेवले. “हे आमचे बाबा नोहे,” ती म्हणाली. “इतके मुके तं बाबा कधीच नव्हते, सर.”