दोरीवरची साडी

तो तपास अजून माझ्या मनातून गेलेला नाही. गुन्हा म्हणावा तर किरकोळच होता. मनीषनगरच्या बाजूला एका इमारतीचं काम सुरू होतं आणि तिथून तांब्याच्या तारेची बंडलं चोरीला गेली होती. मी तेव्हा नागपुरातल्या एका ठाण्याचा ठाणेदार होतो. कंत्राटदार रोज फोन करायचा, वरिष्ठ तपास कुठवर आला म्हणून विचारायचे आणि माझं डोकं तापायचं. मी तसा तापटच माणूस, घरचे अजूनही सांगतात.

खबर एका कबाडीवाल्याने दिली. हे लोक खबर देतात ती काही समाजसेवा म्हणून नव्हे, आपल्या दुकानाकडे आमची नजर वळू नये म्हणून देतात. नाल्याकाठच्या वस्तीतली बारा वर्षांची एक मुलगी दर दोन-तीन दिवसांनी तांब्याची तार विकायला आणते आणि विचारलं तर आईने पाठवलं म्हणते, असं त्याने सांगितलं. आई चोरते आणि लेकीला पुढे करते, हा प्रकार आम्हाला नवा नव्हता. संशयित म्हणून मी त्या बाईचं नाव लिहून घेतलं आणि एका अनुभवी महिला हवालदाराला सोबत घेऊन साध्या कपड्यांत वस्तीत गेलो. लहान मुलांची चौकशी गणवेशात करायची नाही, असा नियम आहे.

पत्र्याची एकच खोली होती. दारात ती मुलगी आणि तिचे दोन धाकटे भाऊ. भाऊ शाळेच्या कपड्यांत होते, डोक्याला तेल लावून भांग पाडलेला. आई कुठे म्हणून विचारलं तर ती म्हणाली, कामावर गेली. बाई रोज मजुरांच्या ठिय्यावर उभी राहून मिळेल ती मजुरी करते, नवरा कधीच सोडून गेला, एवढं शेजारणीने सांगितलं. दुसऱ्या दिवशी आम्ही सकाळी सातलाच पोचलो, तर आई आत्ताच गेली होती म्हणे. शेजारणीला यात काही वावगं वाटत नव्हतं. साडी तर रोज दोरीवर वाळत असते, म्हणजे बाई घरी येऊन-जाऊन आहे, असं तिचं म्हणणं.

तारेबद्दल मुलीचं उत्तर ठरलेलं होतं. इमारतीच्या मागे कचऱ्यात तुकडे पडतात, ते मी वेचते. मी आवाज चढवून पाहिला. भले भले गुन्हेगार त्या आवाजाने बिचकायचे. ती माझ्याकडे सरळ पाहत तेच उत्तर देत राहिली. पोरगी पक्की आहे, असं मी गाडीत बसताना म्हणालो, आणि त्यात कौतुक अजिबात नव्हतं.

तिसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. मी मुलीला प्रश्न विचारत होतो आणि हवालदारबाई बाहेरच उभ्या राहून इकडेतिकडे पाहत होत्या. त्यांचं बालपण अशाच वस्तीत गेलेलं. या नाल्याकाठच्या वस्तीत नळ नव्हता. टँकर एक दिवसाआड यायचा आणि ज्या दिवशी टँकर, त्याच दिवशी सगळ्यांचे कपडे धुतले जायचे. त्या दिवशी टँकरची पाळी नव्हती. सगळ्या दोऱ्या रिकाम्या होत्या, फक्त याच घरापुढे साडी होती. हवालदारबाईंनी ती हातात धरून पाहिली, तर ती कोरडी आणि धुळकट होती. मग आत येऊन त्या मुलीजवळ जमिनीवर बसल्या.

"काहून वं, आज वस्तीत पाणी नाही, अन् तू साडी कशी धुतली?"

मुलीने दाराबाहेरच्या साडीकडे पाहिलं. बाईंनी दुसरं काही विचारलं नाही, फक्त तिच्या पाठीवर हात ठेवला.

"आई घरी नाही आली," ती म्हणाली. "सोळा दिवस झाले."

मग सगळं बाहेर आलं. एका संध्याकाळी आई मजुरीवरून परतलीच नाही. मागे याच वस्तीतल्या एका घरात आई वारली, तेव्हा मुलगा एका संस्थेत गेला आणि बहीण दुसऱ्या संस्थेत. तसं आपलं होऊ नये म्हणून हिने कुणाला पत्ता लागू दिला नाही. रोज पहाटे आईची साडी दोरीवर टाकायची, भावांना तयार करून शाळेत पाठवायचं, दुपारी त्यांना तिथे खिचडी मिळायची. संध्याकाळच्या भातासाठी ती तार वेचायची. बंडलं पळवणारा इमारतीवरचाच एक वायरमन निघाला, हे पुढे आठवड्याभरात कळलं.

मी वैतागून विचारलं, आई हरवली तर सरळ पोलिसांकडे का आली नाहीस?

"आली होती ना, दुसऱ्याच दिवशी. तुमी घाईनं गाडीत बसून राहिले होते. तुमीच म्हटलं, मोठ्या माणसाले घेऊन ये. घरात मोठं कोण आहे साहेब? मीच आहो."

मला ते काही आठवेना. त्या दिवशी बंदोबस्त होता आणि मी घाईत होतो, एवढंच आठवलं. हवालदारबाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही, याबद्दल मी त्यांचा आजही ऋणी आहे.

आई तासाभरात सापडली. एका वाहनाने धडक दिली होती आणि सरकारी दवाखान्यात ती अनोळखी महिला म्हणून दाखल होती. डोक्याला मार, बरेच दिवस शुद्ध नाही. तिच्या वर्णनाचा बिनतारी संदेश आमच्या ठाण्यातही आला होता आणि वाचून फायलीला लागला होता.

मुलांना मी स्वतः वॉर्डात नेलं. बाई डोळे उघडे ठेवून पडली होती. लेकरं दिसताच तिचे ओठ हलले, पण शब्द फुटेना. दोन्ही भाऊ रडत खाटेला बिलगले. मुलीने आईचा हात धरला आणि पहिलं काय सांगितलं असेल?

"दोघायचा शाळेत एकही खाडा नाही, आई. खाडे माहेच पडले."

मी बाहेर व्हरांड्यात गेलो. मला रडू आवरेना, हे लिहायला आता लाज वाटत नाही. पुढे बाल कल्याण समितीपुढे हवालदारबाई भांडल्याच म्हणा ना. पारशिवनीहून मुलांची मावशी येऊन राहिली आणि भावंडांची ताटातूट टळली.

तपास म्हणजे समोरचा काय लपवतो ते शोधणं, असं मी तीस वर्षं मानत आलो. तो काय सांगायला आला होता, हे ऐकून घेणंही तपासच आहे, हे मला त्या मुलीने शिकवलं. त्या केसनंतर मी ठाण्यातली जुनी स्टेशन डायरी काढून पाहिली. तिच्या येण्याची एका ओळीचीही नोंद नव्हती. ती आता इथे करतो. मुलगी, वय वर्षे बारा, आई बेपत्ता असल्याची तक्रार घेऊन एकटी ठाण्यात आली. ठाणेदार हजर होते. त्यांनी ऐकून घेतलं नाही.