परातीतला डोंगर

माझ्या दुकानाचं शटर अर्धं वर केलं होतं, तेवढ्यात सिरसाळ्याहून अक्काच्या शेजारणीचा फोन आला. "बापू, अक्का गेल्या वो. तुळशीपाशी बसल्या व्हत्या, तशाच..." माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला, "परातीपाशी?" मग ती म्हणाली, "व्हय. हात मातीचेच हायेत."

अक्का माझी थोरली बहीण. नवरा लवकर गेला, तिनं एकटीनं किराणा दुकान चालवलं आणि महेशला, एकुलत्या एका पोराला, वाढवलं. महेश आचारी झाला आणि सातासमुद्रापार एका बेटावरच्या हॉटेलात लागला. हॉटेल ज्वालामुखीच्या पायथ्याशी. तो डोंगर कित्येक वर्षं धुमसतोय, थांबायचं नाव नाही. डोंगराकडे तोंड करून लावलेला एक कॅमेरा इंटरनेटवर कायम चालू असतो. महेशनंच तो आईच्या मोबाइलवर लावून दिला, आणि तिथेच फसला. अक्का साखर तोलता तोलता डोंगर बघू लागली. कडा उंच होतात, एके दिवशी ढासळतात, वितळलेला दगड वाट बदलतो, काल हिरवं दिसलेलं रान आज राखेखाली असतं. "दररोज नवं त्वांड घिऊन बसतंय बघ," ती म्हणायची. आपल्या पायाखालचा काळा खडकही कधीकाळी असाच वाहत आला, हे महेशनं सांगितल्यावर तर दोन दिवस जेवली नाही. "म्हंजी आपण बी त्याच्याच पाठीवर बसलोत की रे!"

श्रावणात आमच्या घरी परातीत मातीची पिंड करतात, पुजतात, विसर्जित करतात. त्या वर्षी श्रावण संपला तरी अक्कानं माती आवरली नाही. त्याच परातीत तिनं तो डोंगर केला. मोबाइल तुळशीकट्ट्याला टेकवायचा आणि जसं दिसेल तसं बोटांनी बदलायचं. वर चुलीतली राख भुरभुरायची. पायथ्याशी एक चिंचोका खोचलेला, ते हॉटेल. सकाळी पाण्याची धार, दुपारी दहीभाताचं लिंपण. उन्हाळ्यात महादेवाला गार करतात ना, अगदी तसं. महेश घरी येईपर्यंत देवही पाण्यात ठेवलेले, तांब्याच्या घंगाळात. मी चेष्टा करायचो, "अक्का, तिथल्या सरकारला कळव, आग विझवायला बाई मिळाली म्हणून." ती हसायची नाही.

एकदा गेलो, तर परातीतल्या डोंगराची उगवतीची कड तिनं मोडून ठेवलेली. मोबाइलवर मात्र ती शाबूत.

"चुकलं की तुझं."

"न्हाई. हुईल."

दुसऱ्या दिवशी ती कड खचली. रोज बघणाऱ्याला भेगा आधी दिसत असतील, असं मी स्वतःला समजावलं. आजही तेच समजावतो... पण त्यानंतर त्या परातीकडे पाठ करून बसायला मला नको वाटायचं.

शेवटची भेट फोन येण्याच्या आदल्या दिवशीची. शिखरावरचा धूर जवळपास थांबला होता. मी म्हटलं, आता निवलं. डोंगराच्या अंगात, खाली, चिंचोक्याच्या बरोबर वर अक्कानं अंगठा दाबला आणि भोक पाडलं. मग माझ्यादेखत महेशला फोन लावला. "आजच्या आज निघ."

"आई, डोंगर जळतो म्हणून तर गिऱ्हाईक हाय. आमच्या बाजूला काही न्हाई."

तिनं फोन ठेवला. "मी बोलावल्यावर येत न्हाई व्हय? बघू." एवढं बोलून तिनं मला चहा विचारला.

महेश पोचला तेव्हा माती देऊन झाली होती. आमच्यात पुरतात. खड्डा खणताना कमरेइतक्या खोलीवरच काळा खडक लागला होता, पहार आपटली की ठिणग्या उडत होत्या. घरातले पाहुणे अजून परतले नव्हते, तेव्हाच त्या बेटावरून बातमी आली. डोंगर शिखरावर नाही, कुशीत फुटला, हॉटेलच्या डोक्यावर. कामावरची माणसं पुढच्या बाजूला होती म्हणून वाचली. मागची कामगारांची खोली गेली. ती वेळ महेशच्या झोपेची होती. मला बहिणीचा अभिमान वाटला, आणि भीतीही वाटली. भीती जास्त.

संध्याकाळी तो परातीपाशी गेला. अंगठ्याचं भोक तसंच होतं. त्याखाली चिंचोका नव्हता. त्यानं माती चाचपली, तुळशीभोवती शोधलं. मी शेवटच्या भेटीत डोळ्यांनी पाहिलेला.

मग मी म्हटलं, "देव तरी बाहेर काढ. तू आलास ना." त्यानं घंगाळात हात घातला. अन्नपूर्णा निघाली, नंदी निघाला, पितळी पिंड निघाली. शेवटी त्यानं मूठ वर काढून उघडली. तळहातावर चिंचोका होता, पाण्यानं टम्म फुगलेला.

अक्काचं दुकान आता महेश चालवतो. मोबाइलवरून तो डोंगर त्यानं काढून टाकलाय. परात मात्र तिथेच आहे, आणि रोज सकाळी तो तिच्यावर तांब्याभर पाणी ओततो.