बाहेरच्या खोलीतलं मशीन

घरात एखादा उद्योजक असला की किस्से जमवावे लागत नाहीत, रोज झाडून काढावे लागतात. मी आणि माझा धाकटा भाऊ शशी भेटलो की चहा निवतो, पण आमचे अण्णा संपत नाहीत. वडिलांबद्दल असं बोलू नये म्हणतात. म्हणणाऱ्यांच्या बाहेरच्या खोलीत लेथ मशीन नसावं!

* * *

पिंपरीकडे नवे नवे कारखाने यायला लागले, तेव्हा अण्णा त्यातल्याच एका कंपनीत सुपरवायझर होते. पगार वेळेवर, बोनस वेळेवर. एवढं सुख माणसाला सोसणार कसं? एका दुपारी राजीनामा देऊन घरी आले आणि पाठोपाठ बैलगाडीतून एक जुनं लेथ मशीन आलं. आमचं दापोडीचं घर दोन खोल्यांचं. मशीन बाहेरच्या खोलीत बसलं, आम्ही सगळे आतल्यात.

"पाहुणे आले तर बसवायचं कुठे?" आईने विचारलं.

"तात्पुरतं आहे गं! दसऱ्याला भोसरीला शेड घेतो, मशीन तिकडे."

कोणता दसरा, ते विचारायचं आईच्या लक्षात आलं नाही. पुढे दर खंडेनवमीला मशीनला झेंडूचा हार, पेढे, आणि अण्णांचं तेच वचन. आईला जन्मात एकच गोष्ट हवी होती. चार बायका बसतील अशी स्वतःची बाहेरची खोली. मशीनपुढे फोडायचा नारळ मात्र दरवर्षी तीच आणायची.

* * *

अण्णा कंपन्यांना बुश करून द्यायचे, म्हणजे यंत्रात बसणाऱ्या छोट्या धातूच्या नळ्या. एकदा कंपनीच्या इन्स्पेक्टरने अख्खा लॉट परत पाठवला. अण्णा धुमसतच जेवायला बसले. भाकरी हातात घेतली, उजेडाकडे धरली आणि म्हणाले, "ही एका बाजूला जाड आहे."

आईने शांतपणे ती भाकरी त्यांच्या हातातून काढून घेतली. मग ताटही उचललं.

"काय झालं?"

"रिजेक्ट! नवा लॉट उद्या."

त्या दिवशी अण्णा रेल्वे फाटकापाशी खाणावळीत जेवले. तिथली भाकरी दोन्ही बाजूंनी जाड होती, आणि ते एक अक्षर बोलले नाहीत असं त्यांच्या ऑपरेटरने, बबनने, आम्हाला सांगितलं.

* * *

आईने एका चैत्रात हट्टाने हळदीकुंकू केलं. बाहेरच्या खोलीत! मशीनवर तिची ठेवणीतली रेशमी साडी पसरली, तिच्यावर गौर बसवली, भोवती करंज्या-कलिंगडाची आरास. खाली काय आहे ते कोणाला कळलंही नसतं. सकाळपासून वीज गेलेली होती, आणि ती गेली तेव्हा मशीनचा स्विच बंद करायचं अण्णांच्या डोक्यातून गेलं होतं.

आंब्याची डाळ वाटून झाली आणि वीज आली.

मशीन घुरघुरलं. साडीचा पदर मशीनच्या पट्ट्यात सापडला आणि गुंडाळायला लागला, आणि साडीबरोबर गौर सावकाश निघाली. बायका किंचाळल्या. एका आजींनी हात जोडून डोळेच मिटले. आतून अण्णा धावत आले, "कोणी हात लावू नका!" आईला वाटलं, चला, देवाचं तरी भान आहे. अण्णांनी स्विच बंद केला, गौरीला ओलांडून पलीकडे गेले आणि पट्ट्यावरून हात फिरवत म्हणाले, "वाचला बाई!"

साडी गेली ती गेलीच. पुढच्या वर्षी मात्र हळदीकुंकवाला दुप्पट बायका आल्या. दापोडीत बातमी झाली होती की ह्यांच्याकडची गौर चालते!

* * *

मला बघायला आले तेही मशीनच्या भोवतीच बसले. मुलगा मशीनला टेकला आणि त्याच्या पांढऱ्या शर्टावर पाठभर ग्रीस. त्याच्या आईने विचारलं, "मुलीला काय काय येतं?"

"फायनल इन्स्पेक्शन तीच करते!" अण्णा अभिमानाने म्हणाले. बाईंच्या हातातला पोह्यांचा चमचा तिथेच थांबला.

तेवढ्यात मुलाचे वडील एका कंपनीच्या खरेदी विभागात आहेत असं निघालं. झालं! अण्णा खुर्ची ओढून त्यांच्याजवळ सरकले. त्या बिचाऱ्यांनी खिशातून मुलाची पत्रिका काढली.

"ती राहू द्या हो," अण्णा म्हणाले, "बुशचं ड्रॉइंग आहे का एखादं?"

लग्न ठरलं आणि ऑर्डरही मिळाली. लग्न छान झालं असं सगळे म्हणतात. अण्णांना विचारलं की ते ऑर्डरबद्दल सांगायचे.

* * *

शेवटी भोसरीला शेड झाली. खोटं कशाला बोलू, अण्णांनी राबून उभी केली. नवी मशीनं आली, शशी तिथे बसायला लागला. आईने बाहेरच्या खोलीसाठी वेताची खुर्चीसुद्धा आणली. आता मशीन हलणार!

"पहिलं मशीन हलवायचं नसतं," अण्णा म्हणाले. "लक्ष्मी आहे ती." आणि वेताची खुर्ची मशीनशेजारी ओढून स्वतःच तिच्यात बसले.

आईने सुनेकडे आशेने पाहिलं. पण शशीचा मुलगा त्या घरघरीवरच झोपायला शिकला होता. दुपारी तो रडायला लागला की सूनबाई बाहेर येऊन म्हणायची, "अण्णा, एखादा जॉब लावा ना, हा झोपत नाहीये." अण्णा मशीन चालू करायचे, पोरगं मिनिटात गाढ!

"बघ," अण्णा आईला म्हणाले, "तिसरी पिढी तयार झाली!"

"दुसरी पिढी ह्याच आवाजाने कधी झोपली नाही," आई म्हणाली आणि आत निघून गेली. त्या दिवशी मला तिचं फार वाईट वाटलं.

* * *

अण्णा त्याच खुर्चीत बसल्या बसल्या गेले. दहाव्याला नदीच्या घाटावर गेलो. आमच्यात बायका घाटावर जात नाहीत, पण आई निघाली, पाठोपाठ मी आणि सूनबाई, आणि तिला अडवायची कोणाची छाती झाली नाही.

पिंड ठेवले. कावळे होते, समोरच्या झाडावर ओळीने बसलेले. एकही खाली येईना. ऊन चढलं. गुरुजी म्हणाले, "काही इच्छा राहिली असेल, बोला."

शशी पुढे झाला. "अण्णा, धंदा वाढवीन." कावळा ढिम्म.

"आईला अंतर देणार नाही." एका कावळ्याने मान फिरवली.

बबन हात जोडून म्हणाला, "मालक, शेड बंद पडू देनार न्हाई. आमी हाय ना!" काही नाही. सूनबाईने नातवाला पुढे केलं, "ह्याला इंजिनिअर करू." मीही काहीबाही बोलले, आणि बोलता बोलता रडले. कावळे बघत राहिले. गुरुजींनी दर्भाचा कावळा करायची तयारी सुरू केली.

इतका वेळ आई मागे दगडावर बसून होती. ती उठली, पिंडांपाशी आली आणि झाडाकडे बघून म्हणाली, "अहो, ऐकताय ना? आता मुकाट्याने खाली या. नाहीतर ते मशीन भंगारात घालते!"

तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत एक मोठा कावळा झेपावला आणि पिंडावर तुटून पडला. सगळ्यांनी हात जोडले. बबन तर हुंदके देऊन रडायला लागला.

कावळा पोटभर जेवून उडून जाईपर्यंत आई तिथेच उभी राहिली. मग तिने डोळे पुसले, पदर खोचला आणि शशीला म्हणाली, "चल लवकर. भंगारवाल्याचा टेंपो बारा वाजता येणार आहे."