ओंजळभर भात

आमच्या भात उत्पादक संघाच्या शेडच्या दारात एक माणूस वेताची बुट्टी घेऊन बसायचा. पोतं काट्यावर ठेवण्याआधी प्रत्येक सभासदानं त्यातलं ओंजळभर भात बुट्टीत टाकायचं, हीच संघाची वर्गणी. त्यातला काही भाग विकून खर्च भागे, उरलेल्यातून पेरणीला अडलेल्याला बियाणं मिळे.

त्याचं नाव मी कधी विचारलं नाही, सगळ्यांसारखं ‘आप्पा’ म्हणायचो. टॉवेलनं बुट्टीची कड पुसत तो नुसता हातांकडं बघायचा, तोंडाकडं कधीच नाही. एकदा शेजारच्या आक्कांची ओंजळ निम्मीच भरली. त्यानं ती तशीच बुट्टीत घेतली. पेरणीआधी मात्र त्यांच्या दारात बियाण्याचं पोतं आलं.

“तुम्हांला कसं कळलं, आप्पा?” मी विचारलं.

“अडचण कोण सांगतंय रं? पर हात आखडतोय न्हवं.”

आता वर्गणी बँकेतून परस्पर कापतात. बुट्टी गेली, तोही कुठं गेला कुणाला ठाऊक नाही.

यंदा करपा पडून आमचं पीक गेलं, बियाण्यापुरतंही उरलं नाही. परवा फोनवर संघाचा मेसेज आला, वर्गणी पूर्ण मिळाली, धन्यवाद.

माझा हात आखडला होता. बघायला दारात कुणी नव्हतं.