नानांची तान आणि बाजारातली हद्द

हसायचं तेवढं हसा, पण मधे थांबवू नका! सुरांना हद्द नसते, हे वाक्य मी कॉलेजातून घेऊन आलो आणि त्याच वाक्यानं भर बाजारात माझी जी फजिती केली, ती काय वर्णावी?

आमचं देवास म्हणजे गाव एक आणि राज्यं दोन! बाजाररस्त्याच्या अलीकडे थोरली पाती, पलीकडे धाकटी. कचेऱ्या वेगळ्या, शिपाई वेगळे. आमचे वडील, नाना, थोरल्या पातीत कारकून. परवानगीवाचून पलीकडे जाऊन गायलं-वाजवलं, तर नोकरीवरच गदा.

आणि नाना गात काय सुंदर! पण पहाटे, दार लावून. तबल्यावर मी. एरवी आम्हा बापलेकांचं बोलणं म्हणजे "जेवलास?" "हो." संपलं! पहाटे मात्र ते एखादी जागा अशी घेत की मी "वा!" करून ओरडे. मग ते लाजून "पुरे रे" म्हणत आणि तीच जागा पुन्हा घेत.

त्यांची एक खोड होती. डोळे मिटून तान घेताना ते मांडीवरच्या तंबोऱ्यासकट पुढे सरकत. भिंतीशी सुरू झालेले नाना, थांबायचे ते उंबऱ्याशी! मीही तबला-डग्गा ओढत त्यांच्या मागोमाग.

असलं गाणं दाराआड ठेवायचं? मला कुठला धीर!

"नाना, दत्तजयंतीला तुम्ही बाजारात गायचं."

"वेडा की काय? रावसाहेब येतील ऐकायला." रावसाहेब म्हणजे त्यांचे वरिष्ठ.

"येऊ द्यात की! मी आहे ना साथीला."

"तीच तर धास्ती," नाना म्हणाले. पण डोळे चमकले हो! जन्मभर त्यांना हेच तर हवं होतं.

झालं, मी कामाला लागलो. रस्त्याच्या आमच्या बाजूला कोणी गाणाऱ्याला बसायला उंच लाकडी तख्त आणून ठेवलं होतं. मी ते परत पाठवलं. कलावंतानं लोकांच्या बरोबरीनं बसावं!

आई म्हणाली, "अरे, तख्त असू दे. हे गाताना सरकतात."

"आई, तुला सुधारणा कळत नाही!"

आणि एक लांबलचक जाजम मी नानांच्या बैठकीपासून थेट रस्त्यापार, धाकट्या पातीत उलगडलं. ऐकणाऱ्यांत कसली आलीय हद्द? तिकडचेही येऊन बसले. मी उठून सुरांना हद्द नसते यावर चार शब्द बोललो. चाराचे चाळीस झाले, तेव्हा नानांनीच तंबोरा छेडून मला बसवलं.

आणि नाना गायले! पहिल्यांदा आवाज कापला, मग असा लागला की पानवाल्याचा हात विड्यावरच राहिला. रावसाहेब मान डोलवू लागले. नानांनी डोळे मिटले.

आणि सरकले.

मी थांबवायला हवं होतं ना? पण मी कुठला शुद्धीवर! तान काय, दाणेदार! मीही "वा नाना!" करत सरकलो. आणखी एक तान, आणखी एक हात पुढे. भानावर आलो तो समोर धाकट्या पातीचा शिपाई.

"आओ भिया, आप तो हमारे में आ गए!"

पलीकडे एकच जल्लोष! "अब तो अपने हो गए नानासाब! हार लाओ रे!"

अलीकडून रावसाहेब गरजले, "अहो नाना, मागे या!"

पण नाना तानेत. समेवर आल्याशिवाय गाणारा थांबतो होय? शेवटी आमच्या बाजूच्या लोकांनी जाजमाचं टोक धरलं आणि ओढलं! पलीकडचे काय सोडतात? त्यांनी दुसरं टोक धरलं. मधे नाना, डोळे मिटलेले, तंबोरा छातीशी, कधी या राज्यात, कधी त्या!

तेवढ्यात माझा डग्गा सुटला आणि गडगडत धाकट्या पातीत शिरला. मी त्याच्यामागे झेपावलो. जाजम हलकं झालं, नाना सर्रकन घसरत थोरल्या पातीत आले आणि तबल्यावाचून बरोब्बर समेवर! दोन्ही राज्यांनी एकदम टाळी दिली.

रावसाहेबांनी स्वतःच्या गळ्यातला शेला नानांना घातला. म्हणाले, "नाना, गाणं संपलं ते आपल्याच हद्दीत. कसली परवानगी अन् कसलं काय!"

आणि मी? डग्गा पोटाशी धरून पलीकडे. शिपायानं माझी कॉलर पकडली. "हाँ भिया, किसकी इजाजत से बजा रिये थे?"

तेव्हा सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असा मी किंचाळलो, "अहो, मी थोरल्या पातीचा! मला माझ्या हद्दीत घ्या हो!"

दुसऱ्या दिवशी पहाटे रियाजाला गेलो. नानांनी खोलीच्या मधोमध रांगोळीची रेघ ओढून ठेवली होती. गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "तबलजी, परवानगी आणलीत?"

मग ते इतके हसले की तंबोरा जुळेना. दुसऱ्याच तानेला ते स्वतः रेघ पुसत माझ्याकडे आले. मी मात्र एका हातानं ठेका धरला होता. दुसऱ्या हातानं डग्गा घट्ट धरून बसलो होतो!